शिवलेली शीर, घरचा उंबरा

टाचेमागची शीर तुटते तेव्हा माणूस पहिल्यांदा मागे वळून पाहतो. कुणीतरी पोटरीवर लाथ मारली किंवा लांबून दगड भिरकावला, अशी त्याची खात्रीच झालेली असते. मागे कुणीच नसते. ‘फट्’ असा एक आवाज झालेला असतो आणि पुढचे पाऊल टाकताना पायातला जोर कुणी काढून घेतल्यासारखे वाटते. वेदना मात्र पुष्कळदा अपेक्षेपेक्षा कमी असते, आणि पुढचा सारा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

मलकापूर हे शाहूवाडी तालुक्यातले, कोल्हापूर–रत्नागिरी रस्त्यावरचे, आंबा घाटाच्या अलीकडचे पावसाचे गाव. अशा गावात ही शीर तुटायला क्रीडांगण लागत नाही. सुटणारी एस.टी. गाठण्यासाठी साठी उलटलेल्या माणसाने मारलेली एक धाव पुरते. परड्यातल्या शेवाळलेल्या पायरीवरून निसटलेला पाय सावरतानाही ती तुटते. जुलैत पन्हाळ्यावरून पावनखिंडीकडे माणसे चालत निघतात, तेव्हा वर्षभर खुर्चीत बसलेल्या पोटरीवर एकाच दिवशी डोंगराचा भार पडतो. तेवढाही पुरेसा असतो.

तिला आपण शीर म्हणत असलो, तरी तिच्यातून रक्त वाहत नाही. पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी बांधणारा हा जाड दोर आहे. शास्त्रीय मराठीत त्याला कंडरा म्हणतात. लांबी साधारण १५ सेंटिमीटर. शरीरातली ही सर्वांत जाड आणि सर्वांत बळकट कंडरा. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. टाचेपासून दोन ते सहा सेंटिमीटर वर तिला रक्तपुरवठा सर्वांत तोकडा असतो आणि बहुधा ती तिथेच तुटते. ग्रीक पुराणातल्या अकिलीस नावाच्या योद्ध्याचा जीव टाचेत होता. त्याचे नाव या दोराला १६९३ मध्ये फिलिप व्हेरहेयन या शरीररचनाशास्त्रज्ञाने दिले. व्हेरहेयनचा स्वतःचा एक पाय तरुणपणीच कापावा लागला होता, हा योगायोग मला नेहमी चटका लावतो. आपल्याकडेही श्रीकृष्णाला व्याधाचा बाण लागला तो पायालाच.

शीर तुटूनही माणूस लंगडत चालू शकतो, कारण पाऊल खाली वाकवणारे दुसरे लहान स्नायू शाबूत असतात. म्हणून घरी निदान होते ते ‘मुरगळला’ असे. हळदीचा लेप लागतो, चोळणे होते, आणि तीन-चार आठवडे निघून जातात. डॉक्टरांची परीक्षा अगदी साधी आहे. रुग्णाला पालथे झोपवून पोटरी हलकेच दाबायची. शीर धड असेल तर पाऊल आपोआप खाली झुकते. तुटली असेल तर ते निश्चल राहते. घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘मागून फटका बसल्यासारखे वाटले’ हे वाक्य उच्चारताना ऐकलेत, तर लेप बाजूला ठेवून अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. आणखी एक गोष्ट विचारा: गेल्या काही आठवड्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन या जातीच्या गोळ्या घेतल्या होत्या का? लघवीच्या किंवा छातीच्या संसर्गासाठी त्या सर्रास दिल्या जातात. साठीनंतर, विशेषतः सोबत स्टेरॉइड चालू असेल तर, या गोळ्यांनी कंडरा दुखावण्याचा व तुटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्येच त्यांच्या वेष्टनावर ठळक इशारा छापायला लावला. गोळी मनाने बंद करू नका. पण ती चालू असताना टाच दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

शस्त्रक्रिया करावी की नुसत्या बुटात पाय बांधून शीर जुळू द्यावी, हा प्रश्न प्रामाणिक डॉक्टरही रुग्णापुढे ठेवतात. नॉर्वेत ५२६ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षअखेरीस दोन्ही पद्धतींच्या रुग्णांची चाल जवळजवळ सारखीच होती. मात्र शस्त्रक्रियेविना बऱ्या झालेल्यांत शंभरात सहाजणांची शीर पुन्हा तुटली, शिवलेल्यांत शंभरात एकाचीही नीटशी नाही. यात एक मेख आहे. त्या अभ्यासात साठीपुढचे रुग्ण घेतलेलेच नव्हते. सत्तरीत मधुमेह असेल, कातडी पातळ झाली असेल, तर जखम न भरण्याचा धोका वेगळा तोलावा लागतो. तो निर्णय तुमच्या डॉक्टरांचा आणि तुमचा. हा लेख आहे तो शीर शिवून झाल्यानंतरच्या दिवसांविषयी.

कोल्हापुरात, सीपीआरमध्ये असो वा खासगी रुग्णालयात, शस्त्रक्रिया फार तर तास-दीड तासाची असते. नंतर गाडी मलकापूरच्या वाटेला लागते आणि उरलेले सारे उपचार घराच्या चार भिंतींत व्हायचे असतात. ते दिवसांत मोजायचे नसून महिन्यांत मोजायचे असतात. घरातल्या प्रत्येकाला एकच धास्ती असते: टाका तुटेल, शीर पुन्हा तुटेल. ही धास्ती खोटी नाही. पण तिच्याआड दुसरी एक हानी दडून राहते, जिची कुणी आठवणही काढत नाही. शिवलेली शीर तुटत नाही, ती लांबते. जुळत असलेले धागे कोवळे असतात. त्यांना वारंवार ताण बसला की ते सैल पडत जातात. दुखत नाही, आवाज होत नाही, सूज येत नाही. सहा महिन्यांनी मात्र चवड्यावर उभे राहता येत नाही, जिना चढताना पाय ढकलत नाही, आणि चाल कायमची फेंगडी होते. ढिला पडलेला चऱ्हाट कितीही ओढला तरी घागर वर येत नाही, तसे पोटरीचे होते. पुढे कितीही व्यायाम केला तरी ही उणीव पुरती भरून येत नाही. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत सारी राखण करायची ती शिरेच्या लांबीची.

शीर लांबवणारी हालचाल कोणती? पाऊल वर, नडगीकडे वाकणे. आता आपल्या घराकडे या नजरेने पाहा. उकिडवे बसून चूल पेटवणे, पाटावरून उठणे, न्हाणीत खाली बसून आंघोळ, आणि शौचाचे भारतीय भांडे! ज्या देशांत या शस्त्रक्रियेनंतरचे नियम लिहिले गेले तिथे लोक खुर्चीवर जेवतात आणि कमोडवर बसतात. त्यामुळे त्यांच्या पत्रकांत ‘उकिडवे बसू नका’ हे वाक्य ठळक छापण्याची गरजच कुणाला वाटलेली नसते. आपल्याकडे ते पहिल्या ओळीत हवे. उकिडवे बसताना घोटा जितका वाकतो तितका तो चालताना कधीच वाकत नाही, आणि वर अंगाचे सारे वजन त्यावर येते.

रुग्ण घरी येण्याआधी भोक असलेली कमोड खुर्ची आणून भारतीय भांड्यावर ठेवा. तिचे पाय रबरी बुडाचे आहेत ना, ती फरशीवर डुगडुगत नाही ना, हे आधी स्वतः बसून पाहा. शौचालय परड्यात असेल आणि वाटेत पाऊस, चिखल व दोन पायऱ्या असतील, तर पहिले काही आठवडे खाटेजवळच सोय करा. रात्रीसाठी लघवीचे भांडे हाताशी ठेवा. वडील मंडळी याला तयार होत नाहीत. ‘मी काय इतका म्हातारा झालो?’ असे म्हणून मध्यरात्री, दिवा न लावता, भिंत धरत परड्यात जाणारे आजोबा बहुतेक घरांत असतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा भांडे चादरीच्या आड ठेवा, दार लोटून घ्या आणि सकाळी कुणी न बोलता ते उचला. लाज राखली गेली की ऐकणे सोपे जाते.

जमिनीवर मांडी घालून बसण्यात शिरेवर फारसा ताण नसतो. ताण येतो तो उठताना, चवड्यावर भार देऊन अंग वर ढकलताना. म्हणून जेवण, वाचन, देवपूजा सारे खुर्चीवर. देवघरासमोर खुर्ची टाकून बसायला कित्येक आज्जींना संकोच वाटतो. देवाला चालते, हे त्यांना घरातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्यानेच सांगितलेले बरे. सोप्यातून माजघरात जाताना उंबरा असतो. उंबरा आणि पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आणि कुबड्या आधी. हा क्रम रुग्णालयातून निघण्यापूर्वीच दोन-चार वेळा करून घ्या.

पहिले दोन आठवडे पाय बहुधा प्लास्टरच्या पट्टीत, चवडा खाली झुकवून बांधलेला असतो, म्हणजे शिवलेली टोके ताणली जात नाहीत. या काळात काम दोनच: सूज उतरवणे आणि जखम राखणे. दिवसाचा बहुतेक वेळ पाय छातीच्या पातळीहून वर हवा. उशी पोटरीखाली, टाच उशीच्या कडेबाहेर मोकळी. टाचेमागची कातडी पातळ असते, तिच्याखाली मांस नाही, म्हणून तिथली जखम हट्टी असते. मधुमेह असेल तर साखर काटेकोर ठेवा. तंबाखू, बिडी आणि मिश्री बंद. मिश्रीचे नाव मुद्दाम घेतले, कारण ‘मी तंबाखू खात नाही’ असे डॉक्टरांना ठामपणे सांगणाऱ्या आज्जीच्या कमरेला मिश्रीची डबी असते. निकोटीन कुठल्याही वाटेने गेले तरी रक्तवाहिन्या आकसतात. जखमेवर तेल, लेप, चोळणे काहीही नको. जखमेतून पाणी वा पू येणे, लाली पसरणे, ताप येणे यांपैकी एकही लक्षण दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

या शस्त्रक्रियेनंतर पोटरीच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण इतर कित्येक लहान शस्त्रक्रियांहून अधिक असते, आणि वय वाढते तशी ही काळजी वाढते. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणारे औषध दिले असेल तर एकही मात्रा चुकवू नका. दिले नसेल तर का नाही, हे विचारायला संकोच करू नका. पायाची बोटे, गुडघा आणि दुसरा पाय दिवसभर हलता ठेवा. पोटरी किंवा मांडी एकाएकी टरारून सुजली, दुखू लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. धाप लागली, छातीत कळ आली, तर ताबडतोब १०८ क्रमांकाला फोन करा. मलकापुराहून कोल्हापूर तास-सव्वा तासाचे आहे आणि पावसात त्याहून अधिक, म्हणून रात्र काढून सकाळी जाऊ असे म्हणू नये.

टाके निघाले की बूट येतो. गुडघ्याखालपर्यंतचा, पट्ट्यांचा, आत टाचेखाली पाचरी घातलेला. पाचरींमुळे टाच उचललेली राहते आणि शीर सैल. ठरावीक दिवसांनी एक-एक पाचर काढत पाऊल हळूहळू सपाट करतात. शेजारचे गृहस्थ येऊन सांगतील, ‘माझ्या भावाला दोन महिने प्लास्टरच होते, तुम्हांला इतक्यात चालायला कसे लावले?’ पूर्वी तशीच रीत होती. आता बुटात, पाचरींसह, लवकर थोडा-थोडा भार देतात. बेताचा भार मिळाला की नवे धागे ओढीच्या दिशेने रांगेत बसतात आणि पोटरीही कमी वाळते. प्रत्येक शल्यचिकित्सकाचे वेळापत्रक थोडे निराळे असते. तुमच्याकडे त्यांच्याच हातचा कागद हवा: किती पाचरी, कोणती कधी काढायची, भार किती. त्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल शाईने लिहून टाका. तारखेआधी पाचर काढणे म्हणजे शीर ताणणे. बरे वाटते म्हणून एक काढून टाकली, ही चूक नेहमी घडते.

बूट रात्रीही पायात हवा, डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर. झोपेतून उठणारा माणूस आपली शस्त्रक्रिया विसरलेला असतो. बुटामुळे तो पाय इंच-दीड इंच उंच होतो आणि महिनाभरात कंबर धरते, म्हणून दुसऱ्या पायात जाड तळाची चप्पल किंवा बूट घालावा. आपल्या घरांत पायताण उंबऱ्याबाहेर काढण्याची रीत आहे. ती काही महिने बाजूला ठेवावी लागेल. घरात वापरायची धुतलेली जोडी वेगळी ठेवली की कुणाची हरकत राहत नाही.

सर्वांत नाजूक काळ कोणता, असे विचाराल तर मी पहिला आठवडा सांगणार नाही. बूट निघतो तो, म्हणजे साधारण आठव्या आठवड्यापासून पुढचा महिना-दीड महिना. दुखणे थांबलेले असते, कंटाळा टोकाला गेलेला असतो आणि शीर अजून अर्धीकच्ची असते. पुन्हा तुटण्याच्या घटना बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच घडतात: ओल्या फरशीवरून पाय सरकतो, पायरी चुकते, फोन वाजला म्हणून माणूस झटकन उठतो. भारताचा वेगवान गोलंदाज महंमद शमी याच्या टाचेच्या याच कंडरेवर फेब्रुवारी २०२४ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. रणजी सामन्यात तो उतरला नोव्हेंबरमध्ये, आणि भारताच्या संघात परतला जानेवारी २०२५ मध्ये. मध्ये गुडघ्याच्या सुजेनेही त्याला अडवले. दिमतीला तज्ज्ञांचा ताफा असलेल्या तिशीतल्या खेळाडूला इतके महिने लागतात. तेव्हा चौथ्या महिन्यात भाताच्या लावणीला उतरू पाहणाऱ्या पासष्टीच्या शेतकऱ्याने हा हिशेब एकदा मनाशी करावा.

बूट निघाल्यावरही चपलेत टाचेखाली लहानशी उंची काही आठवडे ठेवतात. व्यायाम सुरू होतो तो खुर्चीत बसून टाचा उचलण्याने. मग स्वयंपाकघराचा ओटा धरून दोन्ही टाचा उचलणे. मग भार हळूहळू त्या पायाकडे झुकवणे. एका पायावर टाच उचलणे फार पुढचे, आणि सत्तरीत पुष्कळांना धडधाकट पायावरही ते जमत नाही, म्हणून त्याचा ध्यास नको. किती वेळा, किती दिवसांनी पुढे सरकायचे, ते फिजिओथेरपिस्ट ठरवतील. रोज कोल्हापूरला जाणे परवडत नाही, हे खरे आहे. पण पंधरा दिवसांतून एकदा जाऊन व्यायाम दाखवून घेणे आणि मधल्या काळात फोनवर चित्रीकरण पाठवणे पुष्कळांना साधते. घरच्यांना पडताळा एकच ठेवता येतो: काल केलेल्या व्यायामाने आज सकाळी सूज किंवा दुखणे वाढले असेल, तर आज एक पायरी खाली.

जे करायचे नाही ते अधिक लक्षात ठेवा. ‘शीर आखडली आहे, जरा मोकळी करा’ असे म्हणून कुणी पाऊल हाताने नडगीकडे दाबू लागला तर त्याला थांबवा, मग तो घरचा असो की हाडवैद्य. टॉवेल चवड्यात अडकवून ओढणे, पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच खाली सोडणे, हेही डॉक्टरांनी नेमके सांगितल्याशिवाय नाही. सुरुवातीच्या महिन्यांत पाय थोडा आखडलेला असणे ही चांगली खूण आहे. कोल्हापूरच्या मातीत तालमीत घडलेले आजोबा जोर-बैठकांनी पाय पुन्हा भरून काढण्याची भाषा करतील. जोर पुढे केव्हातरी. बैठकांत गुडघे पुढे जातात, टाच उचलते आणि सारा भार त्याच दोरावर येतो, तेव्हा त्यांची परवानगी मागायलाही निदान अर्धे वर्ष थांबावे. आणि तांबड्या रश्श्यासोबत पायाचे सूप? आवडत असेल तर घ्या. पोटात गेल्यावर त्यातली प्रथिने इतर प्रथिनांसारखीच पचतात. डाळ, उसळ, दूध, अंडी यांनीही तेच काम होते, आणि म्हाताऱ्या माणसाच्या ताटात तीच बहुधा कमी पडतात.

सेवा करणाऱ्यांसाठी एक शब्द. या आजाराचा पहिला महिना आजाऱ्याहून सोबत्याला जड जातो. पाणी आणणे, भांडे उचलणे, कुबड्या शोधणे, रात्री दोनदा उठणे, आणि वर आजाऱ्याची चिडचिड. घरात एकच सून किंवा एकच वृद्ध पत्नी असेल तर कामे आधीच वाटून द्या. नातवाला सायंकाळी टाचा मोजण्याचे काम द्या, मुंबई-पुण्यातल्या मुलाला फोनवर तारखांची आठवण करण्याचे. दहाव्या आठवड्यात आजाऱ्याच्या मनात उलटी भीती बसते. बूट काढायचाच नाही, पाऊल टाकायचेच नाही. तिला भित्रेपणा म्हणू नका. हात धरून सोप्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रोज दोन फेऱ्या मारा, आठवडाभरात फेऱ्या वाढतात.

शीर लांबत आहे का, हे घरीही पाहता येते. डॉक्टरांनी बूट काढण्याची मुभा दिली की रुग्णाला पालथे झोपवा, गुडघे सरळ, दोन्ही पावले खाटेच्या कडेबाहेर मोकळी. अंग सैल सोडायला सांगा आणि बाजूने दोन्ही पावलांचे छायाचित्र घ्या. चांगले पाऊल स्वभावतः किंचित खाली झुकलेले दिसेल. शिवलेले पाऊल सुरुवातीला त्याहून अधिक झुकलेले असते आणि महिन्यांनी त्याच्या जोडीला येते. ते कधी चांगल्या पावलाहून कमी झुकलेले, अधिक उभे लोंबकळलेले दिसले, तर शीर ढिली होत असल्याची शंका घ्यावी. दर पंधरा दिवसांनी, त्याच खाटेवर, त्याच बाजूने छायाचित्र घ्या, तारीख घाला, आणि पुढच्या खेपेला कोल्हापूरला जाताना ती सारी ओळीने डॉक्टरांसमोर ठेवा.